प्लग काढलास का गं?

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी, चौथ्या मजल्यावर, भर दुपारी घडलेली आहे.

मावशीच्या सासूबाईंची एक सवय होती. इस्त्री झाली की आतल्या खोलीतून विचारायच्या, "प्लग काढलास का गं?"

मावशी जागची न हलता ओरडायची, "हो, काढला!" वर चारचौघांत त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवायची. नवी इस्त्री आणली तेव्हा तर तिने ऐकवलंच, "ही ऑटोमॅटिक आहे. तापली की आपोआप बंद होते."

निवली की आपोआप सुरूही होते, हे तिच्या गावीही नव्हतं.

सासूबाई गेल्या. मावशीला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं.

त्या दुपारी बाहेरच्या खोलीत दिवाणावर ती शर्टाला इस्त्री करत होती आणि वीज गेली. इस्त्री तशीच शर्टावर आडवी. बटण चालू. शेजारी तिची तीन वर्षांची छकुली गाढ झोपलेली.

मावशी बाहेरून कुलूप लावून खाली शेजारणीकडे गेली. आलेच पाच मिनिटांत, म्हणून.

गप्पा रंगल्या.

शेजारणीचा पंखा फिरायला लागला...

तरी मावशी बोलतच राहिली.

मग एकदम इस्त्री आठवली. जिना कसा चढली, तिचं तिला ठाऊक. कुलूप जसंच्या तसं होतं. घाईत किल्ली लागेना. आतून जळका वास येत होता...

शर्टावर तपकिरी डाग पडला होता.

पण इस्त्री उभी करून ठेवलेली...

बटण बंद. प्लग काढलेला. उंचावरच्या त्या बटणापर्यंत छकुलीचा हात पोचतच नाही.

छकुली डोळे चोळत उठली.

"कुणी काढला गं प्लग?"

"आजीने."

मावशीने तिला जवळ ओढलं. "आणखी काय म्हणाली आजी?"

"म्हणाली... कुणाला सांगू नको. सगळे आईला हसतील."

 मावशीला भीती नंतर वाटली, आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांना तिने अजून सांगितलेलं नाही. मला सांगतानाही मान वर केली नाही.

आता इस्त्री झाली की ती प्लग काढते, आतल्या खोलीच्या दाराशी जाते आणि रिकाम्या खाटेला सांगते, "काढला हो, आई."

उत्तर येत नाही. फक्त खाट करकरते... कुणीतरी निर्धास्त होऊन आडवं झाल्यासारखी.

मी स्वतः ऐकलंय. त्या खोलीत मी आता पाऊल टाकत नाही.