चौथा चॅनेल

तुमचे सहाही वॉकीटॉकी परत घेऊन जा. चॅनेल भरायचं काम मी बंद केलंय. का, म्हणून विचारताय तर बसा घटकाभर. ऐकणारा हवाच होता मला.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. आधी वाचायचं, मग लिहायचं. म्हणजे वॉकीटॉकीच्या सेटमध्ये असलेले चॅनेल आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे आणि मगच नवे भरायचे. सेट आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये एक जोड लागतो. तो मी घरीच बनवला होता, साबणाच्या डबीत. वाचताना हिरवा दिवा लागायचा, लिहिताना लाल. चाचणी घ्यायला हाताशी भाऊजींचा सेट होता. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, बोगद्याच्या कामावर फोरमन. मला कोण घाई! न वाचताच लिहायला घेतलं आणि सेटमधलं होतं नव्हतं ते पुसलं गेलं. मग सगळे चॅनेल आठवणीतून भरले. चॅनेल म्हणजे सहा आकड्यांचा नंबर, एक आकडा चुकला तरी बोललेलं कोणाला ऐकू जात नाही. मदत मागायचा चौथा चॅनेल, त्यात सातच्या जागी एक पडला. दुसऱ्या सेटवर एकदा बोलून बघायला हवं होतं. नाही बघितलं.

तिसऱ्या दिवशी बोगद्यात पाणी शिरलं. भाऊजी आत एकटे अडकले. बाहेर सगळे चौथ्या चॅनेलला कान लावून बसले होते, पण एक शब्द आला नाही.

कोणी काही विचारायच्या आत मीच ताईला म्हणालो, "भाऊजींनी बॅटरी चार्ज केली नसेल गं." गेलेला माणूस उलटून थोडाच बोलतो! ताईला ते पटलं. वर्षभर ती रडता रडता त्यांनाच बोल लावायची. "दहादा सांगत होते, रात्री सेट चार्जिंगला लावा. माझं कधी ऐकलं नाही." मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचो. खरं सांगतो, मला बरं वाटायचं.

गेल्या महिन्यात कंपनीने भाऊजींचं सामान परत दिलं. भर दुपारी ताई सेट घेऊन दुकानात आली.

"बाळ्या, चालू होतो का बघ रे. नुसता उशाशी ठेवीन."

मी नवा जोड बनवला होता, त्याची चाचणी राहिलीच होती. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. जोडही तपासून होईल आणि तो चुकीचा आकडाही पुसला जाईल. बॅटरी काढून खणात टाकली, सेटला टेबलावरची वीज दिली. या वेळी नियमाने आधी वाचलं. हिरवा दिवा लागला, चौथ्या चॅनेलमध्ये माझा चुकीचा एक तसाच बसलेला दिसला. त्याचा सात केला आणि लिहिलं. लाल दिवा लागला, विझला. जोड झकास चालत होता.

मग वास आला. ओल्या मातीचा, कोंडलेल्या पाण्याचा. सेट खरखरला.

"...कोणी ऐकतंय का... पाणी छातीपर्यंत आलंय..."

ताईने झडप घालून सेट उचलला, बटण दाबलं. "अहो... मी आहे..."

सेटमधून पाण्याचा आवाज आला, मग भाऊजींचा.

"अगं, तू?... किती वेळ हाका मारतोय... बॅटरी पूर्ण भरलेली आहे, मी रात्रीच लावली होती... पण हा सेट परवा बाळ्याने..."

सेटला जोडाची वायर अजून लोंबत होती. मी चौथ्या चॅनेलचा पहिला चार तेवढा ठेवला, पुढचे पाचही आकडे शून्य केले आणि लिहिलं.

"अरे थांब, बोलतायत ते!" ताई किंचाळली. लाल दिवा लागला आणि भाऊजींचा आवाज मध्येच तुटला.

"काय केलंस तू?"

"मी कुठे काय केलं? त्यांची बॅटरी संपली असेल."

असंच म्हणालो मी. दुसऱ्यांदा.

ताई सेट छातीशी धरून घरी गेली. मी जोडावर हातोडा घातला, पार चुरा केला. आता वाटतं, घाईच केली. नवा बनवायला बसतो, पण दोन तारा काही जुळत नाहीत.

सेटच्या छोट्या पडद्यावर चॅनेलचे सहाही आकडे दिसतात. तीन दिवसांनी ताईचा फोन आला, "बाळ्या, यातली शून्यं कमी होतायत रे, त्यांच्या जागी दुसरे आकडे येतायत. पाच होती, आता तीनच आहेत." मी खण उघडून बघितलं. सेटची बॅटरी माझ्याकडेच होती.

ही बघा, अजून आहे.

आज सकाळी पुन्हा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"एकच शून्य राहिलंय," ताई म्हणाली. "संध्याकाळी ये. त्यांचं वाक्य अर्धंच राहिलंय, दोघं मिळून ऐकू."