माळ्यावरचं टोक

बसा रे मेल्यांनो. वायफाय गेलं तर घरात सुतक असल्यासारखी तोंडं काय करताय? केबलवाला तासाभरात येतो म्हणालाय ना? म्हणजे सकाळी. निधी, तू इकडे पायरीवर ये, पंपाजवळ ओल आहे. ओजस, तो टॉर्च बंद कर बघू, डोळ्यात जातो.

वायफायवरून सुयोगची आठवण झाली. बी विंगमधला सुयोग, माझ्या पुतणीचा मुलगा. हो प्रांजल, तोच, आता बंगळुरूला असतो तो. त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. काशीरामकाका थापा मारतो असं ज्याला वाटतं त्याने आत्ताच वर जावं. नंतर जिना एकट्याने चढायला लागेल.

तर सुयोग तेव्हा डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला होता. कॉम्प्युटर नेटवर्किंग आणि सिस्टम अॅडमिनिस्ट्रेशन. मी त्याला विचारलं होतं, हे काय रे बाबा? तर म्हणाला, आजोबा, ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलते ठेवायचे, आणि बोलेनासे झाले की आपण झोपेतून उठून जायचं. म्हटलं, झकास, म्हणजे घरच्या सुनेचं काम.

त्याच्या जोडीला होता देवेश. घाटकोपरला डोंगरावर राहायचा, आई चंपा आणि तो, दोघंच. आमच्याच तिकडचे, मालवणकडचे. पोरगा हसरा. क्रिकेट खेळताना पुढचा एक दात अर्धा तुटलेला, त्यामुळे हसला की आणखीच हसरा दिसायचा. त्याला एक घाण सवय होती. वायरचं वरचं साल सोलायला हत्यार असतं, पण हा दाताने सोलायचा. कॉलेजात सर ओरडायचे, "दात काय कॉलेजने दिलेत का?" हा ऐकेल तर शपथ. त्याने सोललेल्या प्रत्येक वायरच्या सालावर दातांची नक्षी असायची, मध्ये तुटक्या दाताएवढी जागा कोरी.

दोघांचं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट साकीनाक्याला होतं, प्लास्टिकचे डबे करणाऱ्या एका गाळ्यात. पुढे ऑफिस, मागे मशीन, वर माळ्यावर स्टोअर. सगळीकडे वायरी ओढून कॉम्प्युटर जोडायचे. आता नीट ऐका, पुढे लागेल. वायर ओढली की तिच्या दोन्ही टोकांना प्लग बसवायचे. मग ती तपासायला एक डबी असते, तिचे दोन भाग. मोठा भाग एका टोकाला लावायचा, छोटा दुसऱ्या टोकाला. वायर बरोबर असेल तर दोन्हीकडे एक ते आठ दिवे ओळीने लागतात. पलीकडे छोटा भाग नसेल तर इकडे एकही दिवा लागत नाही. मोठा भाग सुयोगच्या पिशवीत असायचा, छोटा देवेशच्या खिशात.

मशीन चालू असताना गाळ्यात कानठळ्या बसतात, हाका ऐकू येत नाहीत. म्हणून या दोघांनी आपली एक पद्धत पाडली होती. वायरलाच हिसका द्यायचा. दोन हिसके म्हणजे, प्लग बसवलाय, तू बघ. तीन हिसके म्हणजे, झालं, चल घरी.

शेवटची वायर माळ्यावरची. देवेशने ती वर ओढली, टोक कापून तसंच सोडलं, आणि खाली उतरला. म्हणाला, "प्लग उद्या लावतो रे. वायर कुठे पळत नाही."

त्या रात्री त्याला ताप भरला. डेंग्यू. आठवडाही काढला नाही पोराने.

सुयोग रडला नाही. स्मशानात नाही, तेराव्यालाही नाही. वेळेवर जेवायचा, कॉलेजला जायचा, हाक मारली की ओ द्यायचा. माझी पुतणी म्हणायची, पोरगा धीराचा आहे. कसला धीर? दातांच्या डॉक्टरने सुई मारली की गाल कसा आपला वाटत नाही, तसा तो अख्खा झाला होता. मला पोराची काळजी वाटायची. खोटं कशाला बोलू?

त्यात कॉलेजचं निघालं. सर म्हणाले, एकट्याला झेपत नसेल तर तुला दुसऱ्या ग्रुपमध्ये घालतो, हे प्रोजेक्ट बंद करू. बंद म्हणजे देवेशचं नाव गेलंच. आणि चंपाने सुयोगला विचारलं होतं, "नाव छापतले मा रे झिला, त्याचा?" हा हो म्हणून बसला होता. तिला तेवढंच पाहिजे होतं. डिग्री तर मिळणार नव्हती, निदान प्रोजेक्टच्या पुस्तकावर नाव. सरांनी दसऱ्यानंतरचा शुक्रवार दिला. सगळी वायरिंग चालू दाखव, मग दोघांची नावं ठेवतो.

एक वायर. तेवढीच राहिली होती.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. बुधवार होता. नवमीला दुपारी मशिनींची पूजा झाली की दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत गाळ्यात काही चालत नाही, म्हणून शेठने सुयोगला तीच रात्र दिली होती. जाताना तो आधी घाटकोपरला गेला, देवेशकडचा छोटा भाग आणायला. चंपाने पाट मांडला होता. पाटावर मुलाची सगळी हत्यारं. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, आणि तो छोटा भाग. हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. तुम्हाला माहीत आहे, पूजेला मांडलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत.

"आज नको रे झिला," ती म्हणाली. "पूजेक लायलंय. उद्या घेवन जा."

हा बरं म्हणाला. आणि तसाच साकीनाक्याला गेला.

निधी म्हणतेय, मग कशाला गेला? अगं, तेच तर. पलीकडचा भाग नाही. माळ्याला कुलूप, चावी शेठकडे मुलुंडला, ती मागायचंही याला सुचलं नाही. नुसता गेला. ठरलं होतं म्हणून गेला.

गाळा शांत. मशिनींना हार घातलेले. इतकी शांतता त्याने तिथे कधी ऐकली नव्हती. ऑफिसातला एक दिवा लावून तो खाली बसला, माळ्यावरून आलेली वायर हातात घेतली, आपल्या बाजूचा प्लग बसवला. हात आपोआप चालत होते.

आणि वायर हलली.

त्याला वाटलं, आपलाच हात. त्याने वायर जमिनीवर ठेवली.

हिसका. मग अजून एक.

दोन...

सुयोगने वर बघितलं. माळ्याच्या दाराला कुलूप. तसंच.

पळाला असेल असं वाटतं ना? नाही पळाला. दोन हिसके आले की काय करायचं ते हाताला माहीत होतं. त्याने पिशवीतून डबीचा मोठा भाग काढला. प्लग आत सरकवला. बटण दाबलं.

एक.

दोन.

तीन...

आठापर्यंत. परत पहिल्यापासून. मला म्हणाला, "आजोबा, मला काहीच वाटलं नाही. तीन आणि सहा बरोबर लागतायत का एवढंच बघत होतो. देवेश त्या दोन तारा नेहमी उलट्या लावायचा."

बरोबर लागत होते.

मग सवयीने तोंडातून निघालं, "सिग्नल आला रे."



वायर ताठ होती. कोणीतरी पलीकडून धरून ठेवावी तशी. सोडत नव्हतं.

सुयोगने वायर धरली. हिसका दिला. एक. दोन. तीन.

चल घरी...

काही नाही.

...

मग हळूहळू वायर सैल पडली. दिवे गेले.

हा उठला. गाळा बंद केला. घरी येऊन झोपला. झोपला रे, खरंच! सकाळी चहात टोस्ट बुडवत मला सगळं सांगितलं, जसं काही पेपरातली बातमी वाचून दाखवतोय. आवाजात काही नाही, डोळ्यात काही नाही. मला त्या माळ्यापेक्षा या पोराचीच भीती वाटली. म्हटलं, चल, मी येतो तुझ्याबरोबर.

शेवट काय झाला ते आधी सांगतो, म्हणजे तुमची घालमेल नको. शुक्रवारी सर आले, सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलले, वरचा धरून. पुस्तकावर दोन नावं छापली. चंपाने ते देव्हाऱ्यात ठेवलंय. दसऱ्याला संध्याकाळी आम्ही दोघं तिच्याकडे सोनं द्यायला गेलो, तेव्हा तो छोटा भाग पाटावरच होता. वरच्या अक्षतासुद्धा हललेल्या नव्हत्या.

पण त्याच सकाळचं राहिलं. शेठ नारळ घेऊन आले, त्यांनी कुलूप काढलं. माळ्यावर ही एवढी धूळ. दीड-दोन महिन्यांची. तिच्यावर पावलाची एक खूण नाही. मी स्वतः वाकून बघितलं. आणि कोपऱ्यात वायरचं टोक.

प्लग बसवलेला.

सुयोग धुळीतच बसला. टोक उजेडाला धरलं. सालावर दातांची नक्षी होती. मध्ये एवढीशी जागा कोरी. त्याने त्यावर अंगठा ठेवला, आणि फुटला रे पोरगा. दीड महिन्याचं सगळं एकदम. शेठ घाबरून खाली गेले. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो, दुसरं काय करणार?

रडता रडता त्याने ते टोक माझ्याकडे केलं. मी बोट लावलं.

सालावरचे दातांचे ठसे अजून ओले होते.