रघुनाथरावांचं चौथं वृत्त

रघुनाथरावांचं यंदाचं वृत्त छापखान्यात खिळे जुळवून तयार झालं आणि त्याच दिवशी एडिंबरोच्या कॉलेजचं उत्तर आलं. रघुनाथराव नावाचा विद्यार्थी शेवटच्या परीक्षेला बसलाच नाही, आणि गेल्या साडेतीन वर्षांत त्याचं काय झालं ते कॉलेजला ठाऊक नाही.

हे दोन कागद घेऊन हनुमंतराव कुंभकोणमला सांबशिवरावांच्या ओट्यावर येऊन बसले. साल १९१२, महिना श्रावण. हनुमंतराव तंजावूरच्या धुरीण निधीचे चिटणीस. राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांतले हुशार मराठी मुलगे हेरायचे, त्यांना युनिव्हर्सिटीत शिकवायचं आणि समाजाचे धुरीण, म्हणजे पुढारी, करून सोडायचं, हा निधीचा उद्देश. राज्य खालसा होऊन सत्तावन्न वर्षं झाली होती, पण पुढारी व्हायची हौस काही खालसा झाली नव्हती.

निधी दरवर्षी एक 'वृत्त' काढी; प्रत्येक धुरीणाने आपली हकिकत लिहून पाठवायची आणि निधीने ती छापायची. अमुक धुरीण डेप्युटी तहसीलदार झाले, तमुक धुरीणांनी मदुरेत पुढारीपणावर व्याख्यान दिलं, तिसऱ्यांना मुलगा झाला. सभेत हे मोठ्याने वाचायचं, एकमेकांकडे पाहून माना डोलवायच्या, जेवायचं आणि पान खाऊन घरी जायचं.

"रघुनाथराव आमचे पहिले विलायती धुरीण," हनुमंतराव म्हणाले. "विद्यावृत्ती तीन वर्षांची. ती संपली आणि ते तिकडेच मास्तर झाले, असं आम्ही छापत आलो. यंदा त्यांस परत बोलावून अध्यक्ष करायचं ठरलं, म्हणून कॉलेजला पत्ता विचारला. आता आम्हांस मूर्ख कोणी बनवलं ते शोधून द्या. रविवारी सभा आहे."

सांबशिवराव खाजगी तपासाची कामं घेत. किडकिडीत माणूस, आवाज मऊ, आणि आपल्या हुशारीवर मनापासून प्रेम. शेजारी त्यांचे मित्र व्यंकोजी बसले होते. पंचवीस वर्षं शाळेत भूगोल आणि चित्रकला शिकवून नुकतेच घरी बसलेले. मनाने चांगले, डोक्याने सावकाश.

हनुमंतरावांनी रघुनाथरावांचा फोटो पुढे केला. कोवळा चेहरा, त्यावर जाड भिंगांचा चष्मा. "चष्मा काढला की ह्यांस समोरची म्हैस दिसत नसे," ते म्हणाले.

यंदाचं वृत्त मोडीत होतं. सांबशिवरावांनी वाचलं: "ज्येष्ठात इकडे हवा बरी असते. कॉलेजातून येतो तो साडेसहाला सूर्य मावळतो. खिडकीशी उभा राहून सायंसंध्या करतो, मग दिवा लावून वाचत बसतो. संध्या एकही दिवस चुकली नाही."

"संध्येचं दरवेळी लिहितात?"

"लिहावंच लागतं. मुलगा समुद्र ओलांडून गेला, तेव्हा मंडळींनी तशी अटच घातली."

"अक्षर त्यांचंच?"

"अगदी तेच. पहिल्या वर्षापासून."

"पाकिटं?"

"पाकीट त्यांच्या घरी येतं. आतला आमचा कागद त्यांचे काका सीतारामराव आणून देतात."

सांबशिवरावांनी कागद व्यंकोजींपुढे सरकवला. "भूगोलाचे मास्तर ना तुम्ही? नीट वाचा." व्यंकोजींनी दोनदा वाचलं. अक्षर फार सुंदर आहे, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं.

मग त्यांनी भलताच प्रश्न विचारला. "तो मुलगा गेला असेल तर?"

"तर शोकाचा ठराव करू," हनुमंतराव म्हणाले.

"त्याची बायको आहे ना?"

"आहे. एकवीस वर्षांची. जे सगळ्यांचं होतं ते तिचं होईल."

जे सगळ्यांचं होई ते व्यंकोजींनी पाहिलं होतं. त्यांची अक्का चौदाव्या वर्षी विधवा झाली. दहाव्या दिवशी न्हावी आला, तेव्हा तिचे पाय धरायला घरच्यांनी व्यंकोजींनाच बसवलं होतं. त्या गल्ल्यांत नवरा गेलेल्या बाईच्या डोक्यावर केस ठेवत नसत, मग तिचं वय काहीही असो.

दुसऱ्या दिवशी दोघे तंजावूरला गेले. सीतारामराव ओट्यावरच भेटले. जाडजूड, प्रसन्न, पुतण्याच्या मोठेपणावर पोसलेले.

"बसा की. काफी घ्या," ते म्हणाले. "सभेत मजला पहिल्या रांगेत बसवतात. धुरीणाचा काका म्हणून."

"वृत्ताचे कागद तुम्ही नेता?"

"मीच. वहिनी देतात, मी नेतो. टपाल मागल्या दारी येतं, ते वहिनीच घेतात. मी स्वयंपाकघराकडे फिरकत नाही."

"तुमचं एकत्र आहे?"

"एकत्रच. पापनाशमची शेती आम्हां दोघांची, माझी आणि रघुनाथची. त्यास मूलबाळ नाही. तो नसता तर सगळी माझी झाली असती, पण असं वाईट बोलू नये." ते हसले. "आमच्या दादांचं श्राद्धदेखील मीच करतो, आषाढात. मुलगा विलायतेत, मग कोण करणार?"

आत गंगाबाई तांदूळ निवडत होत्या. रघुनाथची आई, विधवेचं आलवण नेसलेली, डोक्यावरून पदर. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"मुलाची पत्रं तुम्ही वाचता?" सांबशिवरावांनी विचारलं.

"मजला अक्षर कोठलं, अप्पा. माझे वडील राजवाड्याच्या दप्तरात लेखक होते, पण मुलींस कोण शिकवतो? पत्र आलं की भावजी वाचतात."

"तुम्हांला मुलाची काळजी वाटत नाही?"

गंगाबाईंचा हात तांदळात थांबला. "तो बरा आहे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खडे वेचू लागल्या.

मागच्या अंगणात नागलक्ष्मी, रघुनाथची बायको, लोणच्याच्या बरण्या उन्हात मांडत होती. वेणी गुडघ्यापर्यंत. परक्या माणसांना पाहून ती खांबाआड झाली, पण व्यंकोजींचा चेहरा पाहून तिची भीड चेपली. बरण्यांच्या तोंडांना कागद बांधले होते आणि त्यांवर मोडीत नावं होती: लिंबू, नारत्तंगाय, आवळा.

"अक्षर किती वळणदार आहे," व्यंकोजी म्हणाले. चित्रकलेच्या मास्तरांना राहवलं नाही. "तुझं का, मुली?"

"मजला वाचतादेखील येत नाही, अण्णा. मी वासावरून ओळखते."

सांबशिवरावांनी बरण्यांवरची नावं एकदा वाचून घेतली. मग मऊ आवाजात म्हणाले, "सासूबाई बऱ्या वागवतात?"

नागलक्ष्मीचा चेहरा उजळला. "त्यांच्यासारखं कोणी नाही, अण्णा. हे गेले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. स्वतःच्या हाताने माझे केस विंचरतात. वर्षातून एकदाच घराबाहेर पडतात, तिरुवैयारूला, कावेरीवर. मीच बांधून देते सगळं. तांदूळ, केळी, मूठभर काळे तीळ. ह्यांच्यासाठी नवस असेल. आणि येताना मजला अबोलीचा गजरा आणतात. विधवेने हाताने फूल देऊ नये ना, म्हणून कोनाड्यात ठेवतात. मी आपली घेते आणि माळते."

"कधी जातात?"

"मार्गशीर्ष वद्य नवमीला. तीन वर्षं झाली, तिथी चुकवली नाही."

"नवऱ्याने तिकडून काही पाठवलं कधी?"

"एकदा पेटी आली होती. त्यास साडेतीन वर्षं होतील. जुने कोट, पुस्तकं आणि चष्मा. चष्मा सासूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवला आहे."

ओट्यावर येताच सांबशिवरावांनी हात चोळले. "झालं," ते म्हणाले.

व्यंकोजींना उलगडा झाला नव्हता, पण सांबशिवरावांचा आनंद पाहून त्यांनी अंदाज केला. "तो गेला ना?"

"रविवारी सांगेन."

"सांबशिवराव, नका सांगू. तपास लागला नाही म्हणा. कोणाचं काय बिघडतं आहे? वर्षाला चार ओळी छापून येतात, आणि एक मुलगी केस विंचरते."

"सोडवता आलं नाही असं प्रकरण आजवर माझ्या हातून गेलेलं नाही."

"मग हे जाऊ द्या. मी तुमच्यापाशी कधी काही मागितलं नाही."

सांबशिवरावांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "पण व्यंकोजी, उत्तर इतकं सुरेख आहे," ते म्हणाले.

रविवारी निधीचा दिवाणखाना भरला. पहिल्या रांगेत सीतारामराव. मागच्या दाराला पडदा, त्याआड बायका. सांबशिवरावांच्या सूचनेवरून गंगाबाई आणि नागलक्ष्मी यांनाही बोलावणं गेलं होतं.

"मंडळी," सांबशिवरावांनी सुरुवात केली, "रघुनाथराव लिहितात, एडिंबरोत ज्येष्ठात साडेसहाला सूर्य मावळतो. माझे मित्र भूगोल शिकवतात, त्यांना विचारा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आता व्यंकोजींना कळलं. "उन्हाळ्यात उत्तरेकडे दिवस लांबतो," ते पुटपुटले. "तिकडे नऊनंतर मावळत असेल."

"दहापर्यंत उजेड. ज्येष्ठात साडेसहाला सूर्य मावळतो तो तंजावूरला. हे लिहिणारा माणूस एडिंबरोत नव्हता, कावेरी ओलांडूनही फार लांब गेला नव्हता. निधीने संध्येची अट घातली नसती तर हे सापडलं नसतं, त्याबद्दल निधीचं अभिनंदन. मग कागद इथे कोण लिहितं? तो सीतारामराव आणतात. पण पुतण्या नसेल तर शेती ह्यांची. त्याला कागदावर जिवंत ठेवून ह्यांचं नुकसानच आहे."

सीतारामरावांचं हसू मावळलं. ते हिशेबाला लागले होते.

"सूनबाईंना अक्षर येत नाही. पण त्यांच्या घरच्या बरण्यांवर सुंदर मोडीत नावं आहेत, आणि सीतारामराव स्वयंपाकघराकडे फिरकत नाहीत. उरल्या गंगाबाई. दप्तरातल्या लेखकाच्या कन्या. अक्षर रघुनाथरावांचंच, असं चिटणीस म्हणतात. बरोबर आहे. आईने गिरवून घेतलं तेच मुलाच्या हातात उतरलं."

पडद्याआड कोणीतरी हुंदका दाबला.

"रघुनाथराव कुठे आहेत? ज्याला चष्म्यावाचून समोरची म्हैस दिसत नाही, तो आपला चष्मा पेटीत घालून सातासमुद्रापार पाठवत नाही. ती पेटी साडेतीन वर्षांपूर्वी आली, आणि हे तेव्हापासूनचं चौथं वृत्त. त्यानंतर दर मार्गशीर्ष वद्य नवमीला गंगाबाई कावेरीवर जातात. नवसाला काळे तीळ लागत नाहीत, मंडळी. तीळ मेलेल्याला. यजमानांची तिथी आषाढातली, तेव्हा ही त्यांची नव्हे. घरात दुसरं कोण गेलं आहे?"

त्यांनी थोडा वेळ दिला. हा त्यांचा आवडता भाग होता.

पडदा सरकला. गंगाबाई पुरुषांच्या सभेत येऊन उभ्या राहिल्या. असं त्या दिवाणखान्यात कधी झालं नव्हतं.

"छातीत कफ झाला, इस्पितळात गेला," त्या म्हणाल्या. "ज्या बाईच्या घरी राहत होता तिने पेटीत पत्र घातलं होतं. इंग्रजी. शेत पाहायच्या निमित्ताने एकदा पापनाशमला जाऊन स्टेशनमास्तरांकडून वाचवून घेतलं. तारीख होती, तिची तिथी काढली." त्या सांबशिवरावांकडे वळल्या. "सूर्याचं मजला त्याने लिहिलं होतं, अप्पा. इकडे रात्री नऊला ऊन असतं म्हणून. तो लहानपणापासून थट्टेखोर. मजला वाटलं, आईची चेष्टा करतो आहे."

गंगाबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला. टाळूवर पांढरे खुंट होते.

"हे माझं सोळाव्या वर्षी झालं, रघुनाथ पोटात होता तेव्हा. माझं पोर गेलं आणि मी एकदाही मोठ्याने रडले नाही. रडले असते तर हिला धरून बसवली असती. आता तुम्ही बसवाल."

व्यंकोजी उठून म्हणाले, "हे सगळं या खोलीतच राहू द्या. मी पाया पडतो." ते खरोखरच वाकले.

सीतारामरावांनी उपरणं सावरलं. "ऐकलं त्या दिवसापासून सुतक," ते शांतपणे म्हणाले. "दहावा दिवस मंगळवारी येतो. न्हाव्याला निरोप धाडतो."

शोकाचा ठराव एकमताने पास झाला. मग पानं मांडली होती ती वाया जाऊ नयेत, म्हणून परगावची मंडळी जेवून गेली.

दहा दिवसांनी सांबशिवराव निधीचं आभारपत्र घ्यायला तंजावूरला आले. व्यंकोजी त्यांच्याशी बोलत नव्हते, पण आले होते. हनुमंतरावांनी ताजा अंक हातात ठेवला. तिसऱ्या पानावर होतं: "आपले पहिले विलायती धुरीण कै. रघुनाथराव यांच्या निधनाने निधीची हानी झाली. वृत्तातील अशुद्धे दुरुस्त करून दिल्याबद्दल रा. सांबशिवराव यांचे आभार." त्याखाली कोणा धुरीणाला मुलगा झाल्याचं होतं.

व्यंकोजी घराकडे गेले. सांबशिवरावही मागोमाग गेले. गंगाबाई घरात नव्हत्या. सीतारामरावांनी त्यांना आदल्याच दिवशी तिरुवैयारूच्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, नेऊन सोडलं होतं आणि परत यायचं नाही असं बजावलं होतं. अंगणात बरण्या तशाच उन्हात होत्या.

नागलक्ष्मी दाराशी आली. अंगावर नवं आलवण, पदर कपाळावर ओढलेला. ती व्यंकोजींकडे न पाहता सांबशिवरावांसमोर उभी राहिली.

"अण्णा, एक विचारू? मी तिळाचं बोलले नसते तर?"

व्यंकोजींनी सांबशिवरावांचा दंड घट्ट धरला. एकच खोटं बोलायचं होतं.

सांबशिवरावांनी क्षणभर विचार केला. प्रश्न चांगला होता, आणि चांगल्या प्रश्नाला ते नेहमी अचूक उत्तर देत.

"तर वृत्त खोटं आहे एवढंच ठरलं असतं," ते म्हणाले. "तो गेला हे सिद्ध झालं नसतं."

नागलक्ष्मीने मान हलवली.

"मजला सासूबाईंचं कौतुक सांगायचं होतं," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.