टक्सीडोचा उरलेला अर्थ

तो दुकानात शिरला तोच मुळी चुकून. शेजारचं वाद्यदुरुस्तीचं दुकान समजून त्याने हे दार ढकललं आणि काळ्या कोटांची रांग बघून जागीच थबकला. हातात व्हायोलिनची पेटी, चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"कोट... भाड्याने मिळतात का?" त्याने वेळ मारून नेली.

"छे, आम्ही नुसते टांगून बघत बसतो," दुकानातली मुलगी म्हणाली आणि लगेच जीभ चावली. गिऱ्हाइकांची थट्टा केली म्हणून दुकान चालवणाऱ्या काकांनी तिला सकाळीच झापलं होतं.

पण तो हसला. त्याला कोट खरंच हवा होता म्हणे. भरल्या सभागृहात पहिल्यांदाच एकट्याने वाजवायचं होतं. तिने टक्सीडो पुढे केला.

"टक्सीडो म्हणजे काय हो नक्की?"

रोज हाताळायच्या कोटाच्या नावाचा तिने कधी विचारच केला नव्हता. "शोधून ठेवते. मापाला याल तेव्हा सांगते."

उत्तर तिला त्याच संध्याकाळी सापडलं. पण ती काही दूधखुळी नव्हती. सगळं एकदम सांगून टाकलं, तर हा परत कशाला येईल? म्हणून तिने ते पुरवून पुरवून सांगायला घेतलं. मापाच्या दिवशी एवढंच, की ते लांबच्या एका गावाचं नाव आहे आणि तिथे तळं आहे. बाही बघायला आला तेव्हा पुढचं.

"तिथल्या श्रीमंतांच्या क्लबात शेपटीवाल्या लांब कोटाऐवजी हा आखूड कोट घालायची टूम निघाली. बसायला-उठायला सोपा. म्हणजे हा खरं तर आरामाचा कोट."

"आरामाचा? मला तर अंगात चढवताच घाम फुटतोय!"

"मग... बसा ना जरा."

तो बसला. चहा पार निवेपर्यंत बसला.

"आणि त्या गावाला हे नाव कशावरून?" उठताना त्याने विचारलं.

"ते पुढच्या वेळी."

पण पुढची वेळ म्हणजे कार्यक्रमाचाच दिवस. कोट घालून तो आरशासमोर उभा राहिला, आरशातूनच त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि ती नुसतीच त्याची कॉलर सारखी करत राहिली. उद्या कोट परत आला की संपलंच सगळं... अर्थ सांगायचा राहिला, तो निघूनही गेला.

"अगं, काळा दोरा ओवलेली ही सुई सुयांच्या उशीत तशीच कशी?" संध्याकाळी काकांनी विचारलं.

तिला एकदम आठवलं. भाड्याच्या कोटाची बाही कापत नाहीत. आत दुमडून काळ्या दोऱ्याने पक्की शिवतात. त्याच्या बाहीला मापापुरता घातलेला पांढरा कच्चा टाका तसाच राहिला होता! गज ओढता ओढता तो उसवणार, बाही बोटांवर घसरणार, आणि सगळं सभागृह हसणार. तिच्यामुळे.

ती सुई घेऊन धावत सुटली.

तो रंगमंचामागच्या खोलीत पांढराफटक होऊन बसला होता.

"हात द्या!"

"आता? इथे?"

"बाही हो, बाही!"

कच्चा टाका उसवून ती भराभर शिवू लागली. त्याचं मनगट तिच्या हातात होतं.

"थरथरू नका, सुई टोचेल."

"मी नाही... तुम्ही थरथरताय."

खरंच होतं ते. गप्प राहवेना म्हणून ती घाईने म्हणाली, "तो अर्थ... तिथल्या मूळ लोकांच्या बोलीत म्हणे लांडगा. कुणी म्हणतं, पाण्याशी काहीतरी. पक्कं कुणालाच ठाऊक नाही."

"हो. मीही तेच वाचलं."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. तुमच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून, फोनवर."

तिची सुई थांबली. "मग इतके दिवस मला विचारत काय होतात?"

"विचारलं नसतं, तर तुम्ही मला 'बसा' म्हणाला असतात का?"

बाहेर घंटा झाली. तिने शेवटची गाठ मारून दोरा दातांनी तोडला.

"उद्या... कोट परत आणतो," तो म्हणाला. जायला मात्र हलेना.

"आणा. पण विचारायला काही शोधून आणू नका." तिने एकदाचा श्वास घेतला. "नुसते या. मला तुम्ही आवडता."

त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. तो उजेडात गेला, व्हायोलिन खांद्याला लावलं, गज उचलला. पडद्याआडून ती त्याच्या मनगटाकडे श्वास रोखून बघत राहिली. बाही जागची हलली नाही.