दिवस मावळायच्या आत

"आत्या, आज हॉलवर येऊ नकोस तू... खुर्च्या मांडताना भेटंल त्याला सांगत बसतीस, हिला मी वाढवली म्हणून. लाज वाटती मला."

एवढं बोलून ऐश्वर्या व्हायोलिनची पेटी उचलून निघून गेली आणि राजमती ओट्यापाशी उभीच राहिली. धाकट्या भावाची, अण्णासोची, बायको गेली तेव्हा ही पोर चाळीस दिवसांची होती. तिला मांडीवर घेताना राजमतीनं आपलं व्हायोलिन कपाटावर टाकलं, आपल्या लग्नाचा विषयही मिटवला, आणि याबद्दल तिला कधी कुणी विचारलंसुद्धा नाही! तेच व्हायोलिन आज पोरीच्या खांद्यावर होतं...

जायचं नाही, जायचं नाही असं दहादा ठरवून तीन वाजता तिनं चपला पायांत सरकवल्या. कोल्हापुरातल्या त्या हौशी सिम्फनी ऑर्केस्ट्रात वाजवणारे चाळीस जण होते, पण खुर्च्या मांडायला दोघीच, ती आणि बाळाबाई. नोटेशनचे कागद पंख्यानं उडू नयेत म्हणून कपड्यांचे चिमटे लावायचे, तेही राजमतीच घरून आणायची.

"राजाक्का, खाल्लंस काय?" बाळाबाईनं विचारलं.

"जेवून आलोय की."

"तीन वर्सं हेच ऐकतोय. तालमीला चारला येतीस, घरी जातीस तवा अंधार पडलेला असतोय, आणि दिवस मावळल्यावर तुम्ही जैन पाणीबी घेत न्हाईसा. मग जेवतीस कवा?"

राजमतीनं मान फिरवली. घरच्यांना वाटे ती हॉलवर खाते, हॉलवरच्यांना वाटे घरून खाऊन येते, आणि आठवड्यातून दोन दिवस ती उपाशी झोपे.

"पोरीला सांगू नको, बाई. तिचं ध्यान वाजवण्यात राहू दे."

बाळाबाई पडद्यामागे गेली.

सहाला कार्यक्रमासाठी हॉल भरला. राजमती शेवटच्या रांगेत खांबाआड बसली. पडदा उघडल्यापासून ऐश्वर्या सारखी दाराकडे बघत होती. आपणच आलो की काय ते बघतेय, असं वाटून राजमतीनं अंग आणखी चोरलं.

ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या उदयसिंह सरांनी हातानं खूण केली. पहिल्या व्हायोलिननं उठून सूर द्यायचा, मग बाकीच्यांनी वाद्यं मिळवायची, अशी रीत. पहिलं व्हायोलिन ऐश्वर्याचं. ती उठली, पण व्हायोलिनचा गज खालीच राहिला.

"सर, थोडं थांबा."

दारातून अण्णासो धापा टाकत आत येत होता, हातात डबा घेऊन. ऐश्वर्या रंगमंचावरून उतरून थेट खांबापाशी आली.

"बाळाबाईनं पोरीला सांगितलं, पोरीनं मला फोन केलता," अण्णासो म्हणाला. "अक्का, एका घरात राहून मला कळलं न्हाई. जेव. दिवस हाय अजून."

"लोक खोळंबल्यात रे..."

"खोळंबू देत," ऐश्वर्या म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "सकाळी लाज वाटती म्हणालो न्हवं मी? आत्ता वाटाय लागलीया, माझीच. तू जेवल्याबिगर सूर देणार न्हाई."

भाकरी अण्णासोनं स्वतः थापली होती, कडेला करपलेली आणि मध्ये कच्ची. राजमतीनं ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. खिडकीतलं ऊन जायच्या आत पोरीनं पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला.

मग ऐश्वर्या पायऱ्या चढून जागेवर गेली आणि तिनं सूर दिला.