उपस्थितांपैकी कोणीही

बेबीचा प्रबंध बांधणी होऊन घरी आला तेव्हा तिच्या नवऱ्याने तो दोन्ही हातांत धरून वरखाली केला आणि म्हणाला, "जन्मली तेव्हा आपली लेकसुद्धा एवढ्या वजनाची नव्हती."

बेबी हसली. चाळिशी ओलांडली तरी माहेरी-सासरी सगळे तिला बेबीच म्हणत. पाच भावंडांतलं शेंडेफळ, नाव चिकटलं ते चिकटलंच. दिवसा शाळेत भाषा शिकवायची आणि उरलेल्या वेळात हे संशोधन. त्यापायी नाकीनऊ आले होते. नोंदणीची मुदत एकदा वाढवून मिळाली होती, ती पुन्हा मिळणार नव्हती. तेवढ्यात प्रबंध सादर होऊन तोंडी परीक्षा पार पडली नाही, तर नोंदणी रद्द. म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, आणि त्यासाठी लागणारं बळ आता तिच्यात नव्हतं.

विषय तिने स्वतःच ओढवून घेतलेला. डोंगरापलीकडे दगडाच्या खाणी होत्या. तिथे पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्यांची वस्ती होती आणि वस्तीची स्वतःची एक भाषा होती. खाणी बंद पडल्या, माणसं पांगली, मुलं शहराचं बोलू लागली. बेबीने शोध सुरू केला तेव्हा ती भाषा येणारी एकच बाई उरली होती, वृद्धाश्रमातल्या खिडकीजवळच्या खाटेवर. म्हातारी मोठी तिखट. बेबीचा उच्चार चुकला की गालावर टिचकी मारायची आणि बरोबर आला की तीच टिचकी जरा हळू मारायची.

आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचं तर आम्ही, सामील करून घ्यायचं तर आपण. म्हातारीच्या भाषेत तिसराही होता. तो ती क्वचित वापरायची, तोही गेलेल्या माणसांची आठवण निघाली की खिडकीबाहेर बघत, स्वतःशी. एकदा बेबीने बोलण्याच्या ओघात तो वापरला, तर म्हातारीने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"हा नाही," ती म्हणाली. "हा इतक्यात नाही."

का, ते तिने सांगितलं नाही. पुढे ती गेली. बेबी तेव्हा उशाशीच होती. शेवटच्या प्रकरणात बेबीने लिहिलं की ही भाषा बोलणारं आता कोणीही उरलेलं नाही. आणि तिसऱ्या शब्दापुढे लिहिलं, 'आदरार्थी असावा.'

सादर करण्याआधी वाङ्मयचौर्य तपासणी करून घ्यावी लागते. मजकूर कुठून उचललेला नाही ना, हे संगणक सांगतो. ग्रंथालयातल्या माणसाने बेबीला बोलावून घेतलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. तिचं स्वतःचं लिखाण स्वच्छ होतं. पण परिशिष्टातली म्हातारीची वाक्यं, एकूण एक, लाल झाली होती.

"मॅडम, हे तुम्ही कुठून उतरवलंत?"

"कुठूनच नाही. ही भाषा कधी लिहिलीच गेली नाही. मी पहिल्यांदा लिहिली."

"मग हे जुळतंय कशाशी?" त्याने बोट ठेवलं. स्रोताचं नाव असायचं ती जागा कोरी होती. "नाव नाही, पत्ता नाही. पण जुळतंय मात्र शब्दाला शब्द."

बेबी बाहेर आली. तिने मार्गदर्शक बाईंना फोन लावला. बाई निवृत्तीला टेकलेल्या, बोलणं एक घाव दोन तुकडे. "यंत्राला काय कळतंय!" त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या तोंडची वाक्यं आहेत, नियमाने ती तपासणीतून वगळता येतात. वगळ आणि जमा कर." तिने वगळली आणि प्रबंध जमा झाला.

परीक्षकांचे अहवाल चांगले आले. तोंडी परीक्षेची सूचना फलकावर लागली. परीक्षा खुली असेल, आणि उपस्थितांपैकी कोणीही प्रश्न विचारू शकेल, असं त्यात छापलं होतं. तसं ते सगळ्यांच्याच सूचनेत छापलेलं असतं. "येतंय कोण!" बाई म्हणाल्या. "विभागातली चार डोकी, तुझा नवरा आणि बिस्किटांसाठी आलेले दोघंतिघं."

त्या दिवशी बेबी सकाळी लवकरच जाऊन सभागृह बघून आली. लाकडी खुर्च्यांच्या रांगा, उंच छत, उघड्या भिंती. ध्वनिशास्त्र तिच्या हाडीमाशी मुरलेलं, त्यामुळे मंचावर उभं राहून तिने सवयीने टाळी वाजवली आणि दोन वाक्यं म्हटली. आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत आला. रिकाम्या जागेत तसा तो येतोच. माणसं बसली की कपडे आणि अंगं आवाज पिऊन टाकतात, हे ती आपल्या विद्यार्थ्यांनाही सांगायची.

दुपारी बाहेरगावचे परीक्षक आले. किडकिडीत, हसतमुख गृहस्थ. परीक्षेआधी बाईंच्या खोलीत चहा झाला.

"तुमचं परिशिष्ट मी मोठ्याने वाचलं," ते बेबीला म्हणाले. "उच्चार उतरवलेले असले की मी नेहमी मोठ्याने वाचतो. त्याशिवाय कळत नाही. फार बारकाईने केलंय तुम्ही काम. ऐकूनऐकून जीभ वळायला लागते."

"आभारी आहे, सर."

"बायकोने मात्र वाचायचं बंद करायला लावलं." ते हसले आणि कप खाली ठेवला. "म्हणाली, तुम्ही थांबलात तरी ते थोडा वेळ चालूच राहतं."

बाई मोकळ्या हसल्या. बेबीलाही हसावं लागलं. परीक्षकांनी कप पुन्हा उचलला, त्यात चहा नव्हता, तरी ओठाला लावला.

सभागृहाचं दार उघडलं आणि बेबी उंबऱ्यातच थबकली. सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत विभागातले लोक आणि नवरा, आणि त्यांच्यामागे शेवटच्या भिंतीपर्यंत माणसंच माणसं. म्हातारे, बायका, तरुण, कडेवर मूल घेतलेली एक आई. कोणी कुजबुजत नव्हतं, कोणी खोकतही नव्हतं. परीक्षेचे अध्यक्ष खूश झाले. "वा! तुमची माणसं पुष्कळ आहेत हो," ते तिच्या कानाशी म्हणाले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो भुवया उंचावून कौतुकाने मान डोलवत होता, म्हणजे ही सगळी विद्यापीठाची माणसं, असं त्याने धरून चाललेलं दिसत होतं.

विद्यार्थी असतील, बेबीने मनाशी म्हटलं. हजेरीसाठी कोणीतरी धाडले असतील. ती मंचावर गेली, पाणी प्यायली आणि बोलायला लागली.

पहिल्याच वाक्याला तिच्या लक्षात आलं. तिचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येत होता.

सकाळी आला होता, अगदी तसाच.

ती बोलत राहिली. तोंड सरावाने चालत होतं आणि कान दुसरीकडेच होते. तिने आवाज चढवून पाहिला, उतरवून पाहिला. समोर दाटीवाटीने माणसं बसली होती आणि आवाज म्हणत होता की इथे कोणी नाही. कडेवरच्या मुलाचे डोळे तिच्यावर होते. ते मूल अजून एकदाही हललं नव्हतं.

परीक्षकांनी प्रश्न विचारले. सरळ, अभ्यासू प्रश्न. तिने उत्तरं दिली, ते मान हलवत गेले. बाईंच्या चेहऱ्यावर घोडं गंगेत न्हाल्याचा भाव उमटू लागला. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि नियमाप्रमाणे विचारलं, "उपस्थितांपैकी कोणाला काही विचारायचं आहे?"

मधल्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली.

तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले. तिने तोंड उघडलं आणि ती म्हातारीच्या भाषेत बोलली.

बेबीच्या हातातला कागद टेबलावर पडला. तो उच्चार तिने म्हातारीच्या बोळक्या तोंडून ऐकला होता, झिजलेला, अर्धा गिळलेला. हा सगळे दात असलेला, कोवळा, पुरता होता. म्हातारी तरुणपणी असंच बोलत असणार.

"बाई, सर्वांना समजेल अशा भाषेत विचारा," अध्यक्ष म्हणाले.

"विचारू द्या त्यांना," बाहेरचे परीक्षक म्हणाले. ते वळून मागे बघत नव्हते. त्यांची नजर टेबलावर होती. "प्रश्न कोणत्या भाषेत असावा, असं नियमात कुठे आहे? उमेदवाराला समजला म्हणजे झालं." ते थांबले. "आणि समजला असेल तर उत्तर द्यावं लागेल. त्याशिवाय मला सही करता येणार नाही."

बेबीला प्रश्न समजला होता.

ती बाई म्हणाली होती, "बोलणारं कोणी उरलं नाही, असं लिहिलंस. मग मी आत्ता बोलले, ते कोणाला समजलं?"

मार्गदर्शक बाई कपाळाला आठ्या घालून बेबीकडे बघत होत्या. नवरा खुर्चीत पुढे सरकला होता. मराठीत उत्तर देता आलं असतं. 'संशोधक म्हणून मला समजलं' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. बेबीने तेच म्हणायला तोंड उघडलं.

पण प्रश्न त्या भाषेत होता, आणि त्या भाषेत प्रश्नाला त्याच भाषेत उत्तर देतात. इतकी वर्षं म्हातारीने तिला गालावर टिचक्या मारून हेच शिकवलं होतं. जीभ आपोआप वळली. 'मला' असं ती म्हणणार होती.

एकटीने समजणं त्या भाषेत सांगताच येत नाही, हे तिला त्या क्षणी आठवलं. समजतं ते नेहमी अनेकांना. आम्हाला तरी, नाहीतर आपल्याला तरी.

बोलताना तिच्या तोंडातून तिसरा शब्द गेला.

तोंडावर हात ठेवायला या वेळी कोणी नव्हतं.

ते एका शब्दाचं उत्तर सभागृहात गेलं.

आणि परत आलं नाही.

मागची भिंत गप्प होती. आवाज गेला आणि विरला. भरल्या सभागृहात, कपड्यांत, अंगांत, श्वासांत विरावा, तसा.

कडेवरच्या मुलाने मान हलवली.

उभी राहिलेली बाई खाली बसली.

"समाधान झालेलं दिसतंय," परीक्षक हलकेच म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

मग सगळं भराभर झालं. अध्यक्षांनी पदवीची शिफारस केल्याचं जाहीर केलं, पुढच्या रांगेत टाळ्या वाजल्या, मार्गदर्शक बाईंनी चक्क बेबीला मिठी मारली. मिठीतून सुटून तिने पाहिलं, तर मागच्या रांगा मोकळ्या होत्या. दार एकच, ते मंचाच्या बाजूला. तिच्यासमोरून कोणी गेलं नव्हतं.

"तुमची माणसं चहाला थांबली नाहीत का?" अध्यक्षांनी विचारलं.

"आमची?" नवरा म्हणाला. "मला वाटलं, तुमची."

दोघंही हसले आणि विषय तिथेच राहिला. बाहेरचे परीक्षक चहा न घेता निघाले. जाताना त्यांनी बेबीला हात जोडले, काहीतरी बोलण्यासाठी ओठ उघडले आणि पुन्हा घट्ट मिटले. तोंडात काहीतरी धरून ठेवावं तसे मिटलेले ओठ घेऊन ते पायऱ्या उतरले.

बाहेर अजून चांगलं ऊन होतं. नवऱ्याने टॅक्सी थांबवली. "आज स्वयंपाकाला सुट्टी, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला आणि पलीकडच्या दाराने आत शिरला. बेबी अलीकडून बसली. तिच्या जिवात जीव येऊ लागला होता. झालं ते झालं, पदवी मिळाली. ताणाने माणसाला काहीही वाटतं. लेकीला फोन करायचा, मग ताईला, मग शाळेत.

तिने दार ओढलं. ते लागलं नाही. पदर अडकला असेल म्हणून तिने पाहिलं, तर पदर मांडीवर होता. तिने पुन्हा ओढलं. दार अर्ध्यात, कशाला तरी मऊ टेकून थांबलं.

टॅक्सीवाल्याने आरशातून मागे पाहिलं.

"ताई, कडेला बसल्यात त्यांना म्हणावं, जरा पाय आत घ्या. दार लागत नाहीये."

नवऱ्याने फोनमधून मान वर केली. "काय म्हणाला?"

बेबी सरकली, नवऱ्याला खेटून बसली आणि कडेची जागा मोकळी केली.

दार लागलं.

"हां, आता कसं," टॅक्सीवाला म्हणाला, आणि त्याने गाडी सुरू केली.