उलटा पीळ

जुन्या ट्यूब मागायला गेलो की सायकलवाला अजूनही हसतो. "सायकल तर कधी दिसत नाही, ट्यूब खाता की काय?" कालही गेलो होतो. ट्यूबच्या दोन बोटं रुंदीच्या कड्या कापायच्या आणि हवेच्या टाकीवर चढवायच्या, एवढंच काम असतं. दिवा असू द्या तसाच. कड्या कशाला, ते सांगतो.

आमच्या गावाचं पिण्याचं पाणी एका बुडालेल्या गुहेतून येतं. तिच्या आत शिरून मोजमाप करणं हा दादाचा धंदा, आणि त्याच्या पाठोपाठ माझाही. आत डोक्यावर खडक असतो. घाबरून वर यावं म्हटलं तर वर यायला वाटच नसते. म्हणून अंगावरच्या टाकीशिवाय एक जादा टाकी न्यायची आणि परतीच्या वाटेवर, खुणेसाठी बांधत नेलेल्या दोरीला टांगून ठेवायची. तिचा रेग्युलेटर, म्हणजे दातात धरून हवा ओढायचा तो, मोकळा लोंबला तर गाळ खातो, नाहीतर आपसूक हवा सोडत बसतो. म्हणून नळीची घडी घालून तो कडीखाली दाबायचा आणि कडीला एक पीळ द्यायचा.

"उघडं तोंड आणि उघडी टाकी, दोन्ही घर बुडवतात," असं दादा म्हणायचा.

"पहिलं कुणाला कळतंय इथं!" वहिनी आतून ऐकवायची.

मी डावखुरा, त्यामुळे माझा पीळ उलटा पडतो. दादा आधी चिडायचा, मग त्यानं नाद सोडला. म्हणाला, "चल, बरंच आहे. काळोखात चाचपलं तरी कळेल, तुझी कुठली नि माझी कुठली."

मी तापानं पडलो होतो तेव्हा तो एकटाच आत गेला आणि परत आला नाही.

शोधायला मी आणि मिस्त्री गेलो. तोही आमच्यासारखाच पाणबुड्या; मिस्त्री हे त्याचं टोपणनाव, जगातलं काहीही दुरुस्त करतो म्हणून पडलेलं. गुहेला जिथं दोन वाटा फुटतात तिथं मी भरलेली टाकी टांगली. वॉल्व्ह बंद केला, उलटा पीळ दिला. पुढे दादाची दोरी गाळात शिरली होती, आणि ओढली तशी ती सुटून हातात आली. तिच्या टोकाला काही नव्हतं. आम्ही वेड्यासारखे शोधत राहिलो, हवा संपत आली तरी.

परतताना गाळ उठला होता. टॉर्चचा उजेड हातभरही जात नव्हता. फाट्यावर मी टाकी चाचपली. बोटांना कडी लागली, आणि पीळ सुलट होता. विचार करायला वेळ नव्हता. कडी ओढली, रेग्युलेटर दातात धरला, वॉल्व्ह उघडला... अर्धा श्वास, आणि पुढे काही नाही. जिभेवर खोकल्याच्या गोळीची चव आली. पाण्यात उतरण्याआधी दादा नेहमी ती गोळी चघळायचा.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. मिस्त्रीनं त्याची हवा दिली असणार.

काठावर वहिनी बसून होती.

"गळली असेल टाकी," मिस्त्री म्हणाला.

"वॉल्व्ह बंद होता."

मिस्त्रीनं नळ्या गुंडाळल्या. आपलं सामान उचललं आणि निघून गेला. वहिनीनं एवढंच विचारलं, "भाऊजी, पीळ कसा होता?"

"सुलट."

तिनं पदर तोंडात कोंबला. मग म्हणाली, "म्हणजे श्वास घेतायत ते... हवा पुरत नाहीये त्यांना."

दादा मेलाय. पाण्याखाली इतके दिवस माणूस जगत नाही, हे मला कळतं, तिलाही कळतं. पण भरलेली टाकी घरात पडून असली की आम्हा दोघांच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून मी नेतो. फाट्यावर भरलेली टांगायची, रिकामी परत आणायची. पीळही मी आता मुद्दाम सुलट देतो. उजव्या हातानं जमत नाही, तरी देतो. त्याला चाचपडायला लागू नये.

एकदा मी तिथं टॉर्च विझवून थांबलो. हाताला हात दिसेना. पाणी कानात गच्च भरलं होतं. मग जवळच रबर ताणल्याचा आवाज आला... आणि कुणीतरी हवा आत ओढली. लांब, सावकाश. मी वाट बघितली. हवा सोडल्याचा आवाज येतो, बुडबुडे उठतात, खडकाला लागून गुरगुरतात. तसलं काही झालंच नाही. नुसती ओढतच राहिला. मी दोरी धरून बाहेर आलो आणि वहिनीला काही बोललो नाही.

परवा पुन्हा गेलो. टाकी रिकामी होती, नेहमीसारखी. गोळीची चव आता येत नाही. कडी सोडायला हात घातला आणि थांबलो.

पीळ उलटा होता. घट्ट, घाईघाईत दिलेला.

मी गेल्या खेपेचं आठवून पाहिलं. सुलटच दिला होता, बोटं दुखेपर्यंत. आणि त्या गुहेत उलटा पीळ देणारा एकच माणूस जातो. तेव्हापासून मला एकच घोर लागलाय, की पहिल्या दिवशी फाट्यावरून मी बाहेर कसा आलो. मिस्त्रीला विचारायला गेलो होतो. त्याच्या अगदी समोर उभा राहिलो. तो स्क्रू पिळत राहिला, मान वर केलीच नाही त्यानं.

आज वहिनीला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग उठून मागच्या खोलीत गेली. हवा भरायचा कॉम्प्रेसर बराच वेळ चालू होता. आता दाराशी दोन टाक्या भरून ठेवल्यात तिनं. एक दादाची.

दुसरी कुणाची, हे मी विचारलं नाही.